पळपुटी

चाहते नावाच्या जमातीशी माझं कधी जमलं नाही. गिऱ्हाईक म्हणून येतात आणि दुकानात पाऊल टाकलं की परीक्षक होतात. काच अशी नको, तशी हवी. पट्टी काळी, पण फार काळी नको. सहीवर उजेड चमकता कामा नये. अरे बाबांनो, तीस वर्षं चौकटी करतोय मी. लोकांच्या पदव्या, लग्नाचे फोटो, वारलेले सासरे, सगळे सरळ रेषेत टांगून दिलेत. तुमच्या एका सहीलाच काय एवढं सोनं लागलंय?

या जमातीचा म्होरक्या एक दाताचा डॉक्टर आहे. चाळिशी उलटलेला, पोटाने पुढे आलेला सभ्य माणूस. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटतो आणि रविवारी ‘वावटळ’चे जुने अंक छातीशी धरून हिंडतो. ‘वावटळ’ माहीत नसेल तर सांगतो. निळा मुखवटा, पाठीवर लांब झूल, गरगरत आकाशातून उतरायचं आणि शहर वाचवायचं, असा तो चित्रकथेतला वीर. पन्नासएक वर्षं दर महिन्याला त्याचा अंक निघतो आणि पहिल्या पानापासून तो एकाच माणसाने काढलाय. त्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात. आता मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले, नजर अधू झाली, शेवटचा अंक काढून थांबणार होते. म्हणून या मंडळींनी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरवला, आणि भिंतीवर मास्तरांच्या हातची बारा मूळ पानं, प्रत्येकावर त्यांची सही. चौकटी करायच्या मी. मुदत बारा दिवस.

डॉक्टर पानं घेऊन आला तो सुती हातमोजे घालून. तान्हं बाळ ठेवावं तसं एकेक पान त्याने माझ्या टेबलावर ठेवलं आणि मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. काका, ही झूल बघा, ब्रशच्या एका फटक्यात ओढलीय, इथे शाई भरलेली आणि इथे सुकत आलेली. काका, ही सही बघा, ‘स’ला गाठ आहे म्हणजे पहिल्या दहा वर्षांतली, पुढे गाठ सुटते, पुढे शेपूट जाते. नुसत्या सहीवरून हे लोक वर्ष सांगतात. मी हूं हूं करत मापं घेत होतो. मी हे वाचत नाही, असं त्याला सांगून टाकलं होतं. खरंच होतं ते. तेराव्या वर्षी जे सोडलं ते सोडलंच. का सोडलं ते बायकोलासुद्धा माहीत नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाला, ‘‘आणि ही आमची पळपुटी.’’

त्याच्या बोटाखाली, पानाच्या डाव्या कोपऱ्यात, पळणारी गर्दी होती. वावटळच्या प्रत्येक गोष्टीत गर्दी पळतेच. पूल कोसळतो, यंत्रमानव येतो, लोक किंचाळत सुटतात. त्या गर्दीत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. एक वेणी सुटलेली, फ्रॉकचा गळा खांद्यावरून उतरलेला. डॉक्टर कौतुकाने सांगत होता की पंचेचाळीस वर्षांत असा एक अंक नाही ज्यात ती नाही. आणि कायम पळत असते, म्हणून पळपुटी. नवा अंक आला की आधी तिला कोण शोधतो यावर त्यांच्या पैजा लागतात. ती मास्तरांची गुप्त सही आहे असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं त्यांची मेलेली मुलगी. मास्तरांना विचारलं तर नुसते हसतात.

मी भिंग घेतलं आणि वाकून बघितलं. मग भिंग हातातून सुटलं. ती ठमी होती.

ठमी माझी धाकटी बहीण. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण घरात, गल्लीत, शाळेत सगळीकडे ठमीच. वावटळवर तिचा भारी जीव. त्या काळी अंकाच्या शेवटच्या पानावर एक कूपन असायचं, ‘गर्दीत या!’ असं. कापायचं, फोटो चिकटवायचा, सही करायची आणि पाठवायचं. मास्तर तुमचा चेहरा गर्दीत काढायचे आणि स्वतः सही केलेलं कार्ड पाठवायचे. दरवर्षी नवं कूपन पाठवलं तर जागा कायम. ठमीने कूपन कापलं, कात्री तिरकी गेली म्हणून एक कोपरा उडाला, त्यावरून रडलीसुद्धा. घरात तिचा एकुलता एक फोटो होता, तो आईला न विचारता चिकटवला. सही तेवढी राहिली. नऊ वर्षांच्या पोरीला कुठली आलीय सही? आधी सराव करते, मग करते, असं म्हणत बसली. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

नंतर ते कूपन मला तिच्या वहीत सापडलं. मी तेरा वर्षांचा होतो. वाटलं, एकदा तरी दिसू दे बापडी. मग मीच तिची सही तयार केली. ‘ठमी’, खाली एक वळणदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कूपन टपालपेटीत टाकलं. दोन महिन्यांनी अंक आला. पूल कोसळत होता आणि ठमी पळत होती. तो चेहरा बघून मी अंक माळ्यावर फेकला आणि पुन्हा म्हणून वावटळला हात लावला नाही. आईने तो फोटो जन्मभर शोधला. कपाटं उपसली, गाद्या उसवल्या. तिचा फोटो मी टपालाने घालवलाय, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझा भित्रेपणा, दुसरं काय.

मी समजत होतो, ती एकदाच आली असेल.

डॉक्टर गेल्यावर मी बारा पानं वर्षांप्रमाणे लावली आणि भिंगातून एकेक बघत गेलो. बाराही पानांत चेहरा तोच, वय तेच, फ्रॉक तोच. पण पहिल्या पानात ती गर्दीच्या पुढे होती, मुठी आवळून, जवळजवळ हसत. पुढच्या पानात मधे. मग मागे. दहाव्या पानापर्यंत तिचं तोंड उघडं पडलेलं आणि एक हात कुशीवर. बाराव्यात ती सगळ्यांच्या मागे होती, एकटी. डॉक्टरला दुसऱ्या दिवशी विचारलं तर तो खूशच झाला. म्हणाला, तेच तर कसब आहे, मास्तरांनी तिला वर्षानुवर्षं हळूहळू मागे नेलंय, रचना बघा काका. त्याचा काही दोष नाही. त्याला रचना दिसत होती.

आणखी एक गोष्ट होती. पहिली चौकट मी नीट बंद केली, मागे पुठ्ठा, कडेने टेप, खिळे. सकाळी बघतो तर काचेवर आतून वाफ धरलेली. शर्टाच्या बटणाएवढा डाग, डाव्या कोपऱ्यात, बरोबर तिच्या तोंडासमोर. ओल असेल म्हणून चौकट उघडली, काच पुसली, पुठ्ठा उन्हात तापवला, पुन्हा बंद केली. तासाभरात डाग परत. दुसऱ्या चौकटीत तेच. तिसरीत तेच. बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘अहो, काच पुसा की.’’ मी म्हटलं, पुसली, आतून आहे. ती जवळ गेली, बघत राहिली आणि म्हणाली, लहान होतोय, मोठा होतोय. मग डबा तिथेच ठेवून ती जी गेली, ती चौकटी दुकानात असेपर्यंत आत आली नाही. बारा चौकटी, बारा डाग, आणि बाराव्यातला सगळ्यात भरभर.

सत्काराच्या दोन दिवस आधी मास्तर वाचनालयात सह्या द्यायला बसणार होते. मी दुकानाला कुलूप घातलं आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे तीसएक माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत अंक. कोणी झुलीबद्दल बोलत होतं, कोणी आकाशाबद्दल. दोघं तर पळपुटीचे बिल्ले लावून आले होते, तिच्या उघड्या तोंडाचे. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मास्तरांची सही द्यायची एक पद्धत होती. नाव विचारायचे, मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघायचे, जन्मभर चेहरे काढलेला माणूस, आणि मगच पेन उचलायचे. माझा नंबर आला. माझ्याकडे अंक नव्हता, दुकानातला कोरा पुठ्ठा होता. कोणासाठी, त्यांनी विचारलं.

‘‘ठमीच्या भावासाठी,’’ मी म्हटलं. ‘‘ती सही मी केली होती.’’

त्यांचं पेन टेकलं तिथेच थांबलं. शाई पुठ्ठ्यावर पसरत गेली. मागे लोक चुळबुळायला लागले. मग मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, उद्या सकाळी घरी या, शेवटचं पान टेबलावर आहे, बारा वाजता छापखान्याचा माणूस न्यायला येईल.

सकाळी गेलो. एक उतरतं टेबल, खिडकीकडे तोंड केलेलं. ब्रश धुवायच्या काळ्या बरण्या. भिंतीवर एक मोठा लाकडी फळा, त्यावर हजारो टाचण्यांची भोकं आणि एकच कागद टाचलेला. मास्तरांनी मला स्टूल दिलं, स्वतः खुर्चीत बसले आणि न विचारताच बोलायला लागले. गर्दी ते नेहमी सगळ्यात शेवटी काढत. या फळ्यावर कूपनं टाचायची आणि एकेक चेहरा बघून उतरवायचा. एके काळी फळा भरलेला असे. मग पोरं मोठी झाली, कूपनं यायची थांबली, मासिकाने कूपन छापणंही बंद केलं. गर्दीतले बाकीचे चेहरे मास्तर मनानेच काढायला लागले, नाक, डोळे, कोणाचेही नसलेले. एक कूपन मात्र दरवर्षी येत राहिलं. नवा फोटो नसायचा, म्हणून जुन्यावरूनच काढायचे. मास्तरांचा नियम होता, सही केलेल्या कागदाला नाही म्हणायचं नाही.

त्यांनी एक फाइल पुढे सरकवली. चव्वेचाळीस कूपनं. सगळी एकाच अंकातली, सगळ्यांचा तोच कोपरा तिरका कापलेला. सगळ्यांवर तीच सही, वळणदार रेघ, दोन टिंबं. पहिली माझी होती. बाकीच्या त्रेचाळीस मी केलेल्या नव्हत्या.

कूपनावर खाली एक ओळ असायची, ‘काही सांगायचंय?’ माझ्या कूपनावर ती कोरी होती. पुढच्यावर पेन्सिलीने, ठमीच्या त्या उजवीकडे कलत्या अक्षरात, लिहिलेलं होतं, ‘मजा आली.’ त्याच्या पुढच्यावर, ‘पूल फार जोरात पडला.’ मग, ‘दादाला मी दिसते का?’ मग काही वर्षांनी, ‘बाकीची मुलं कुठे गेली?’ मग, ‘इथे कोणी बोलत नाही.’ मग पुष्कळ वर्षं एकच, ‘दम लागतो.’ ‘दम लागतो.’ ‘थोडं हळू चालेल का?’

‘‘मला वाटायचं, कोणीतरी विनोदी बाई आहेत,’’ मास्तर म्हणाले. ‘‘जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन बसल्यात. म्हणून मीही गंमत करायचो. लिहिलंय दम लागतो, तर काढ तिला धापा टाकताना. लोकांना फार आवडायचं.’’

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण गर्दीत तिला घातलं कोणी? मी. जिथे दर महिन्याला काहीतरी कोसळतं आणि सगळ्यांना जीव मुठीत धरून पळावं लागतं, तिथे मी माझी बहीण पाठवली. आणि तिथे खरी अशी ती एकटीच, बाकी सगळी शाईची माणसं. एकदा तरी दिसू दे म्हणालो होतो. पंचेचाळीस वर्षं पळवली मी तिला.

मी पहिलं कूपन उचलून फोटो बघितला. फोटोत मागचा पडदा होता, बसायचं स्टूल होतं. स्टुलावर कोणी नव्हतं.

फळ्यावरचा कागद मास्तरांनी काढून माझ्या हातात दिला. ते पंचेचाळिसावं कूपन होतं, आज सकाळी दाराखालून आलेलं. ‘काही सांगायचंय?’ या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘आता पुरे, दादा.’ सहीची जागा कोरी होती. त्याखाली बारीक छापील अक्षरांत नियम होता, कूपनावर पहिल्यापासूनच छापलेला, तेव्हा मी न वाचलेला. नाव कमी करायचं असल्यास ज्याने सही केली त्यानेच ती पुन्हा करावी; नाव पहिल्या अंकापासून कमी होईल.

टेबलावर शेवटचं पान होतं. शहरात समुद्र शिरलाय, वावटळ आकाशात, आणि खाली माणसांचा लोंढा पळतोय. सगळ्यांच्या मागे ठमी, एक पाय उचललेला, कुशीवर हात, आणि तिच्या मागे पाणी. मी म्हटलं, तिला बसलेली काढा. कट्ट्यावर, झाडाखाली, कुठेही. मास्तर म्हणाले, एवढ्या लोंढ्यात बसलेलं माणूस चेंगरतं, आणि मागून पाणी आहे. मी म्हटलं, मग पाणी काढून टाका. ते म्हणाले, ‘‘मी कागदावर आहे तेवढंच करू शकतो. पान छापून गेलं की पुढचा अंक नाही. मग ती इथेच राहील, अशीच. तुम्ही सही केलीत तर मी तिला खोडेन. पण पहिल्या कूपनापासून खोडली जाईल ती, सगळीकडून. हे समजून करा.’’

साडेअकरा झाले होते. तुम्हाला सांगतो, मी बेशरमपणे विचार केला. फोटो गेला, आई गेली, तिला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. जगात तिचा चेहरा म्हणून जो काही आहे तो या पानांवर आहे, आणि इतक्या वर्षांनी आता कुठे मला तो सापडला होता. बारा दिवस रोज बघितलेला. पळत का होईना, दिसते तर खरी, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मग मी तिच्या उचललेल्या पायाकडे बघितलं. चप्पल नव्हती. इतके दिवस मी चेहराच बघत होतो, पायांकडे लक्ष गेलं नव्हतं. आम्ही तिला दवाखान्यात अनवाणी नेलं होतं.

मी पेन मागितलं. सही बरोबर आली. तेरा वर्षांच्या पोराची सही आली, वळणदार रेघ, दोन टिंबं. वर बघितलं तेव्हा पानावर ठमीचे दोन्ही पाय जमिनीवर होते. शाई वाळलेली होती, मास्तर जागेवरून हललेले नव्हते, आणि ती उभी होती. कुशीवरचा हात खाली आलेला.

मास्तरांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. आधी पाय, मग फ्रॉक, मग सुटलेली वेणी. चेहऱ्यापाशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चार फटके लागले, बस. बारा वाजता छापखान्याचा माणूस आला, पान उचलून घेऊन गेला, कसला तरी हिशेब पुटपुटत. मी दुकानात आलो. बाराही काचा स्वच्छ होत्या. जिथे ती होती तिथे मास्तरांच्याच रेषेत रस्त्याची फरशी होती, कुठे खरवडल्याची खूण नाही, डाग नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आरडाओरडा होईल म्हणून मी तयारीने गेलो होतो. तसलं काही झालं नाही. माणसं घरून आपापले अंक घेऊन आली होती, आणि चौकटींसमोर उभं राहून हातातला अंक उघडून बघत होती, पुन्हा चौकट बघत होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बिल्लेवाल्या दोघांच्या छातीवर पांढरे गोल तेवढे राहिले होते. समोर मंचावर मास्तर खाली मान घालून सह्या देत होते.

डॉक्टर बाराव्या चौकटीपाशी होता, हातमोजे न घालता. डोळे लाल झालेले. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की काल रात्रीपासून ते सगळे एकमेकांना फोन करतायत. वेणी आठवते, फ्रॉक आठवतो, पण चेहरा एकालाही आठवत नाही. शेकडो वेळा बघितलेला चेहरा.

‘‘काका, तुम्ही तर भिंगातून बघत होतात,’’ तो म्हणाला. ‘‘कशी होती हो ती दिसायला?’’

मी सांगायला तोंड उघडलं. तिचं नाक, तिचे डोळे, हनुवटी, मी आत शोधत राहिलो. तिथेही फरशीच होती. मी म्हटलं, ‘‘माझी बहीण होती ती.’’

डॉक्टरला काय समजलं, किती समजलं, देव जाणे. पण माणूस बरा आहे. त्याने माझ्या दंडाला धरलं आणि लोक अशा वेळी विचारतात तेवढंच विचारलं, कधी गेल्या.

‘‘काल,’’ मी म्हटलं, आणि तिथेच, त्या सगळ्या चाहत्यांसमोर, मला रडू फुटलं.